जैनूच्या गावी येळवस

नांदेडला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातले लोक दोनच प्रश्न विचारतात. गुरुद्वारा पाहिला का, आणि ऊन किती होतं? गुरुद्वारा पाहिला. ऊन डिसेंबरचं होतं, अंगावर घेत बसावं असं. पण आम्ही गेलो होतो ते माझ्या आईच्या मैत्रिणीला भेटायला. त्या दोघी शेवटच्या भेटल्या तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. आता दोघीही पंच्याऐंशीच्या घरात आहेत.

मैत्रिणीचा पत्ता लागला तो माझ्या नोकरीमुळे. मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. निवृत्त व्हायच्या थोडं आधी आमच्या वॉर्डात उदगीरची एक शिकाऊ डॉक्टर मुलगी आली. एकदा आई डबा घेऊन आली आणि मला म्हणाली, "कामून उपाशी बसून राहिलीस गं?" ते 'कामून' ऐकून ती मुलगी वळलीच. "माझी दादी असंच बोलते," म्हणाली. दादीचं माहेर मुखेडकडचं होतं. आईनं गावाचं नाव विचारलं, मग दादीचं, मग दादीच्या बापाचं. बापाचं नाव ऐकल्यावर आई खाली बाकावर बसली आणि डब्याचं झाकण उघडबंद करत राहिली.

त्या गावाचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. तिथं आता तिसरी-चौथी पिढी नांदते आहे.

नांदेड

पहाटेच्या गाडीनं उतरलो. लॉजवर सामान टाकून गोदावरीच्या घाटावर गेलो, मग लंगरला बसलो. आईनं पंगतीत बसून, दोन्ही हात पुढं करून रोटी घेतली, आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, "बग, हितं कोणी जात इचारत न्हाई." पुण्यात ती 'बघ' म्हणते आणि 'विचारत' म्हणते. साठ वर्षं पुण्यात काढून कमावलेली तिची भाषा नांदेडच्या फलाटावरच गळून पडली होती. रिक्षावाल्याशी बोलताना ती म्हणाली, "आमी पुण्याहून येऊन राहिलो." तो म्हणाला, "वाटत न्हाई, मावशी." आई दिवसभर त्या एका वाक्यावर खूश होती.

मला मराठवाडा माहीत होता तो आईच्या गोष्टींतून. मुलाबाळांना रामायणातल्या गोष्टी सांगाव्यात तशी ती आम्हाला तिच्या वडिलांची, म्हणजे अप्पांची गोष्ट सांगायची. अप्पा लिंगायत. गावात त्यांचं कापडाचं दुकान होतं. दुकानाच्या ओट्यावर मदारसाब नावाचे शिंपी मशीन घेऊन बसत. गिऱ्हाइकानं आत कापड घ्यायचं आणि बाहेर शिवायला टाकायचं. मदारसाबची मुलगी जैनबी, म्हणजे जैनू, आणि आमची आई गंगू, दोघी त्या ओट्याखाली चिंध्यांच्या बाहुल्या करत वाढल्या.

तेव्हा तिकडं निझामाचं राज्य होतं. मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू बोलणारी माणसं एका राज्यात होती. आईची पिढी त्याला अजूनही मोगलाई म्हणते. ते राज्य मोडायची वेळ आली तेव्हा आधी रझाकारीचे दिवस आले. निझामाच्या बाजूचे हत्यारबंद लोक गावात शिरले. त्या दिवशी मदारसाब ओट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, हे दुकान माझं आहे. लोक पुढं निघून गेले. मग काही महिन्यांत भारताचं सैन्य आलं, तिकडं त्याला पोलिस ॲक्शन म्हणतात, आणि वारं उलटं फिरलं. आता मुसलमानांच्या घरांवर लोक चालून जाऊ लागले. अप्पांनी मदारसाबला, त्यांच्या बायकोला आणि दोन्ही मुलांना कापडाच्या कोठीत लपवलं. तीन दिवस. चौथ्या दिवशी पहाटे गाडी जुंपून त्यांना उदगीरच्या वाटेला लावलं.

ही आमच्या घरची गोष्ट. मी ती दवाखान्यात किती जणांना सांगितली असेल याला हिशेब नाही. शहरात कधी तणाव झाला, वॉर्डात माणसं एकमेकांकडं तिरकी पाहू लागली, की मी ही गोष्ट काढायची. सांगताना माझा आवाज जरा भारी व्हायचा, हेही कबूल करते.

मुखेडच्या वाटेनं

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी केली. चालकाचं नाव बालाजी, चाळिशीचा, बोलायला मोकळा. कंधारच्या पुढं माळरान लागलं. काळीभोर जमीन, मधूनच उघडा खडक, पोटऱ्यात आलेली ज्वारी, शेंगांनी वाकलेली तूर. आई खिडकीची काच खाली करून बसली होती. ती पिकं ओळखत होती, मी पाट्या वाचत होते.

मुखेडला बाजाराचा दिवस होता. एसटी स्टँडबाहेर आम्ही धपाटे घेतले, वर शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही. पुण्यात ज्याला थालीपीठ म्हणतात त्याच्याशी याचं नातं सांगायला गेले तर आईनं मला गप्प केलं. मग तिनं पहिला घास घेतला, आणि तेव्हा कळलं की तिची कवळी नांदेडच्या लॉजवर, पाण्याच्या पेल्यात राहिली आहे.

"आता वो?" बालाजी म्हणाला. "माघारी जायचं का?"

"न्हाई," आई म्हणाली. "जैनूला तरी कुठं दात असतील आता!" आणि धपाट्याचा तुकडा दह्यात बुडवून चोखत बसली.

गाव मुखेड आणि उदगीरच्या मधे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. मला वाटलं होतं आई गावात शिरताच बोलत सुटेल. झालं उलटंच. गावाच्या अलीकडं ओढा आहे. त्यावर आता पूल झाला आहे, ओढ्याला घोटाभर पाणी. बालाजीनं विचारलं, "मावशी, थांबू का हितं?" आईनं मान हलवली. नाही. तिनं काच वर केली.

गावात आमचं कोणी उरलेलं नाही. दुकानाच्या जागी मोबाइल रिचार्ज आणि खताचं दुकान आहे. ओटा मात्र जुनाच, शहाबादी फरशीचा. आई त्यावर पाच मिनिटं बसली. कोठी कुठं होती ते मी विचारलं. तिनं मागच्या भिंतीकडं बोट केलं. "आणि गाडी? बैलगाडी कुठं उभी असायची?"

"अंगणात," ती म्हणाली. "चल. उशीर होऊन राहिला."

मला वाटलं थकली असेल. पंच्याऐंशीचं शरीर, त्यात सकाळपासूनचे खड्डे. वाटेत मी तिला दोनदा नाडी दाखवायला लावली. दोन्ही वेळा नाडी जोरात होती.

उदगीर

उदगीरला किल्ल्याच्या रस्त्यावर, आतल्या गल्लीत जैनबींचं घर. दारात त्यांचा मुलगा इस्माइलभाई उभे होते, गणिताचे निवृत्त शिक्षक. फूटपट्टीसारखे ताठ, आणि आवाज मात्र मऊ. "अम्मा सकाळपासून चार वेळा कपडे बदलून राहिली," ते हळूच म्हणाले.

आत बाजेवर एक लहानखुरी बाई बसली होती. पांढरी ओढणी, नाकात चमकी. आई उंबऱ्याशी थांबली. मला वाटलं आता रडारड होणार, मी पर्समधला रुमाल शोधू लागले.

"क्या गे गंगू," त्या बाई म्हणाल्या, "इत्ती मोटी कैकू हुई?"

आई म्हणाली, "आन तू वाळून गेलीस की चिपाडासारखी."

मग दोघी हसल्या. खरंच, दोघींनाही दात नव्हते. हसता हसता एकमेकींचे हात धरून बाजेवर बसल्या ते तासाभरानं सुटले. पहिला तास फक्त नावं चालली होती. विहिरीवरची चिंच. चिंचेवरून पडलेली ती अमकी. बैलांची नावं. मास्तरांच्या छडीचं नाव. आई कानडी मिसळून बोलू लागली, जैनबी दख्खनी मिसळून. मला निम्मं समजत नव्हतं. इस्माइलभाईंनाही निम्मं समजत नसावं. आम्ही दोघं पोरांसारखे एका बाजूला बसून ऐकत होतो.

जेवायला मऊ खिचडी, चिंचेचा आंबट खट्टा, अंबाडीची भाजी. आमच्यासाठी मांसाचं काही केलेलं नव्हतं. चूल सकाळी धुऊन घेतली आहे, हे जैनबींच्या सुनेनं मला न विचारता सांगितलं. मला लाज वाटली. आई मात्र सरळ म्हणाली, "धुवायची काय गरज होती? तुझ्या घरी लहानपणी मी काय काय खाल्लं ते आमच्या घरी कुठं ठाऊक हाय!"

दुपारी जैनबी त्यांच्या माणसांबद्दल बोलल्या. चुलते बिदरला होते. भाषांवर राज्यं झाली तेव्हा बिदर कर्नाटकात गेलं. धाकटा भाऊ कामाला हैदराबादला गेला तो आंध्राचा झाला, पुढं तेलंगणाचा. "मी हितंच. महाराष्ट्रात," त्या म्हणाल्या. "आमी लांब कुठं गेलो न्हाई, बेटी. रेषाच हालल्या. शादीला बोलवायचं तर तीन राज्यांत पत्रिका."

मी विचारलं, "आणि वडील?"

मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या गोष्टीत मदारसाब गाडीत बसून उदगीरला गेले होते.

जैनबींनी आईकडं पाहिलं. आई खाली मान घालून लुगड्याचा काठ सरळ करत होती. मग ती बोलली, माझ्याशी नव्हे, जैनबींशी.

"जैनू, मी तेवढ्यासाठीच आले. मी जागी होते त्या दिवशी."

इस्माइलभाई उठायला लागले. जैनबींनी त्यांना हातानं बसवलं.

आई जे बोलली ते मी तिच्याच क्रमानं सांगते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गावातली माणसं दुकानापुढं आली. कोठी उघडून दाखव नाहीतर दुकानासकट पेटवतो, असं म्हणून, सकाळपर्यंतची मुदत देऊन गेली. माझ्या आजीला तेव्हा सातवा महिना होता. अप्पा रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. फटफटायच्या आत त्यांनी कोठीचं कुलूप काढलं आणि मागचं दार उघडलं. आईनं गोधडीतून पाहिलं. बैल दावणीला होते, गाडी तिथंच उभी होती. मदारसाब म्हणाले, "अप्पा, एक दिन. सिर्फ आज का दिन." अप्पा दार धरून उभे राहिले. चौघं बाहेर पडली, आणि अप्पांनी दार लावून घेतलं.

"गाडी जुंपली न्हाई," आई म्हणाली. "माझ्या लेकरांना मी सांगितलं जुंपली म्हणून. जुंपली न्हाई. तुमाला घराबाहेर काढलं."

बाहेर गल्लीत भंगारवाल्याची हाळी चालली होती.

"मला माहीत हाय की," जैनबी म्हणाल्या. "मी चालत गेले न्हवं! गाडीत बसले असते तर माझ्या ध्यानात राहिलं असतं."

त्यांनी पुढचं सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात. ओढ्यापाशी माणसं होती. अब्बांनी कडेवरचा भाऊ अम्माकडं दिला आणि ज्वारीत शिरायला सांगितलं. पीक उंच होतं. तिघं त्यातून चालत राहिली, दोन दिवस. अब्बा मागून येतो म्हणाले होते.

आई रडत होती. रुमाल मलाच लागला.

"आता माझं ऐक," जैनबी म्हणाल्या. "तुला बी एक ठाऊक न्हाई. दिवाळीच्या सुमारास तुझा बाप आला होता हितं. मामूच्या घरी राहायचो तवा. बैलगाडीत मशीन घेऊन आला."

आईनं मान वर केली. "मशीन? अप्पांनी तर ती विकली म्हणून सांगितलं होतं."

"विकली न्हाई. घेऊन आला. एकटा. अंगणात उतरवली, आन बसला भिंतीला टेकून. अम्मा आतून बाहेर आली न्हाई. पाणी बी दिलं न्हाई कोणी. मला अम्मानं हाताला धरून ठेवलं होतं. दुपारपर्यंत बसला, मंग उठून गेला."

"आन मशीन?"

"त्या मशिनीवर अम्मानं आमा दोघांना वाढवलं. चाळीस वर्षं शिवलं. पर तुझ्या बापाचं नाव तिनं कधी घेतलं न्हाई. मेली तरी न्हाई." मग म्हणाल्या, "मी घेते कधीकधी."

अप्पा मला आठवतात ते अगदी म्हातारे, पुण्याला आमच्याकडं यायचे तेव्हाचे. दुकानाच्या ओट्यावर त्यांनी पुढं कोणाही शिंप्याला बसू दिलं नाही. गिऱ्हाइकं कुरकुर करत. मुलांनी खूपदा म्हटलं, ओटा रिकामा पडलाय, भाड्यानं देऊ. त्यांनी दिला नाही. आम्ही त्याला म्हातारपणचा हट्ट म्हणायचो.

संध्याकाळी मी आईला घेऊन किल्ल्यापर्यंत फेरी मारली. तटावर पोपट होते. मला रागच आला होता, खरं सांगायचं तर. इतकी वर्षं मी ती गोष्ट मिरवली होती. मी विचारलं, "आम्हाला खोटं का सांगितलंस?"

आई तटाला टेकली. "तुमी लहान होता. तुमाला आज्जा चांगला पाहिजे होता."

"आणि आम्ही मोठे झाल्यावर?"

"तवर मला बी पाहिजे झाला होता," ती म्हणाली.

येळवस

दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. लातूरकडं आणि नांदेडच्या या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस म्हणतात. पुण्यात या सणाचं नावही कुणाला ठाऊक नाही. इथं त्या दिवशी गाव ओस पडतं. शाळा, दुकानं, कचेऱ्या सगळं थंड, आणि माणसं झाडून रानात. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, करायची, आत पांढरे दगड मांडून पूजा करायची, रानभर ताक आणि ज्वारीच्या पिठाचं आंबील शिंपडायचं. शिंपडताना जे म्हणतात त्यातले शब्द कानडी आहेत, आणि त्यांचा अर्थ आता म्हणणाऱ्यालाही येत नाही. मग जेवायचं आणि रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला ओढून जेवायला न्यायचं. अमक्याच्या रानात ये म्हणून आमंत्रण लागत नाही.

आम्ही सकाळी लातूरला निघणार होतो. तिथून पुण्याची गाडी होती. जैनबी ओढणी नीट करून, हातात काठी घेऊन दारात तयार उभ्या. "मला बी यायचंय."

"लातूरला?" इस्माइलभाईंनी विचारलं.

"गावाला. येळवस हाय. ही लहानपणी मला तिच्या रानात न्यायची."

इस्माइलभाई घाबरले. अम्मा तिकडं एकदाही गेली नव्हती. गुडघे धरलेले, रक्तदाब वर. ते माझ्याकडं पाहू लागले, परिचारिका म्हणून मी नाही म्हणेन या आशेनं. मी रक्तदाब मोजला. जास्त होता. मी म्हटलं, "गाडीत मी आहे. जाऊ दे." लातूरची गाडी चुकली ती चुकलीच. दुसऱ्या दिवशीची तिकिटं बालाजीनं खटपट करून काढून दिली.

वाटेत दोन्ही बाजूंच्या रानांत कोपी दिसत होत्या. धूर, पोरंबाळं, नवी लुगडी. तीन ठिकाणी लोकांनी हात करून गाडी थांबवली. "या, जेवून जा." बालाजी प्रत्येकाला सांगत होता, "म्हाताऱ्या माणसांना पुढं न्यायचंय, रामराम." दोघी मागं बसून, कोणाच्या भज्जीत, म्हणजे येळवसच्या मिसळभाजीत, चिंच जास्त पडायची यावर भांडत होत्या. ओढा जवळ आला तशा त्या गप्प झाल्या.

या वेळी आई म्हणाली, "थांब हितं."

पुलाच्या अलीकडं उतरलो. मी जैनबींचा एक हात धरला, इस्माइलभाईंनी दुसरा. ओढ्याकडेनं पायवाट होती. उजवीकडं हरभरा, डावीकडं बाभळी. जैनबी थांबून थांबून बघत होत्या. त्यांना काही ओळखू येत नव्हतं. तेव्हा सगळीकडं उंच ज्वारी होती.

तेवढ्यात रानातून हाक आली. हरभऱ्याच्या पलीकडं कोप होती. एक पन्नाशीचा शेतकरी, धोतर आणि वर स्वेटर, लगबगीनं आमच्याकडं आला. त्याचं नाव माधवराव. "मावशी, हिकडं कुठं? चला, पंगत बसून राहिली."

नाही म्हणायची सोय नसते. सतरंजीवर बसवलं. बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, तुरीच्या आणि हरभऱ्याच्या हिरव्या दाण्यांची भज्जी, तिळाची पोळी, माठातलं लसणाचा वास येणारं आंबील. माधवरावांची बायको वाढत होती. जैनबींनी आंबिलाचा एक घोट घेतला आणि डोळे मिटले. "हेच," त्या म्हणाल्या. "हेच होतं."

माधवरावांनी विचारलं, "तुमी कोण्या गावच्या, मावशी?"

"याच गावची," जैनबी म्हणाल्या. "मदारसाब शिंप्याची पोरगी."

माधवराव जरा गोंधळले. ओढणीकडं, इस्माइलभाईंच्या दाढीकडं पाहिलं. मग सरळ मनानं, काही वाईट न आणता म्हणाले, "तुमची काहीतरी गफलत होत असल, मावशी. आमच्या गावात मुसलमान नव्हते कधी."

इस्माइलभाईंनी हातातला उंडा ताटात ठेवला. मला वाटलं विषय बदलावा, मी तोंडही उघडलं. पण आई बोलली. माहेरात ती कधी मोठ्यानं बोलली असेल असं मला वाटत नाही.

"होते," ती म्हणाली. "आमच्या माळवदाच्या मागल्या आळीला त्यांची घरं होती. पिंजारी होते, बांगड्यावाले मण्यार होते, हिचा बाप शिंपी होता. माझ्या बापाच्या ओट्यावर बसायचा. कापडवाल्या अप्पाची लेक मी, गंगू. रझाकारीत हिच्या बापानं आमचं दुकान वाचवलं. आन पोलिस ॲक्शनला आमी त्याला तीन दिवस लपवलं, आन चौथ्या दिवशी माझ्या बापानं त्याला घराबाहेर काढलं. ह्या वढ्यात मारला त्याला. सकाळी. ही माझ्याएवढी होती."

वाढणाऱ्या बाईच्या हातातली पळी तशीच राहिली. कोपीतलं एक मूल रडायला लागलं, त्याला कोणीतरी उचलून बाहेर नेलं. आईनं डोळे खाली केले नाहीत. जैनबींनी तिचा पदर मागून ओढला. पुरे, अशा अर्थानं.

माधवराव उकिडवे बसले. जमिनीवर काडीनं रेघा काढू लागले.

"एक सांगू का, मावशी," ते म्हणाले. "ती तिकडं लिंबाखालची जागा. माझ्या बापानं जन्मभर तेवढी जागा नांगरली न्हाई. चार हात असल. औत तिथवर आणायचा आन वळवायचा. का म्हणून इचारलं तर म्हणायचा, ऱ्हाऊ दे. एवढंच. कधी सांगितलं न्हाई. मला वाटायचं देवाची जागा असल."

त्यांनी जैनबींकडं पाहिलं. "मला ठाऊक न्हाई. तेच हाय का दुसरं काही. पर तेवढं एकच हाय बगा ह्या रानात."

जैनबी काठी टेकत उठल्या. आम्ही सगळे मागं गेलो. ओढ्याच्या काठाला कडुलिंबाचं झाड होतं आणि त्याच्याखालीही हरभराच होता, नुकती जांभळी फुलं धरलेला, बाकीच्या रानासारखाच. जागा वेगळी म्हणून काही ओळखू येत नव्हती.

माधवराव मान खाली घालून म्हणाले, "बाप गेल्यावर मी नांगरली. चार साल झाले. म्हणलं, उगंच जागा वाया कामून घालवायची. माफ करा. ह्या पिकानंतर मोकळी सोडतो. पुन्हा नांगर घालत न्हाई."

जैनबी खाली बसल्या. मातीला हात लावला. आईही त्यांच्याजवळ बसली, गुडघ्यावर हात रोवत. इस्माइलभाईंनी डोक्यावर रुमाल टाकला, दोन्ही हात पुढं धरले आणि ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. आमच्यामागं माधवराव डोक्यावरचा पटका काढून उभे होते, आणि त्यांच्यामागं पंगतीतली सगळी माणसं.

दुआ संपल्यावर जैनबींनी हरभऱ्याच्या एका डहाळीवरून बोटं फिरवली आणि वर न पाहता माधवरावांना म्हणाल्या,

"नांगर रे बाबा. शिंपी होता माझा बाप. जन्मात कधी रान नव्हतं त्याला. आता हाय, तर पिकू दे."